मंजुरीच्या आधीचं कुंकू

माझी नोकरी दर अकरा महिन्यांनी संपते आणि दोन दिवसांनी पुन्हा सुरू होते. मधले दोन दिवस मी कुणीच नसते. घरी बसून कपाटं आवरते आणि नवऱ्याला वाटतं, हिला सुटी मिळाली. नवी ऑर्डर हातात पडेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. कंत्राटी माणसाच्या हाडात ही भीती मुरलेली असते. पुढे मी जे केलं ते कळायला हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

काम असं: वस्त्यांमधल्या बायकांनी स्वतःचा छोटा धंदा काढावा म्हणून सरकारकडून अनुदान येतं. बँक कर्ज देते, त्यातला काही वाटा सरकार भरतं. आमचा कक्ष ही योजना राबवतो. राबवतो म्हणजे आम्ही वस्तीत जातो, बायका गोळा करतो, फॉर्म भरतो, दाखले जमवतो, त्यांना समितीपुढे उभं करतो आणि शेवटी बँकेकडे शिफारस पाठवतो. मंजुरी आमच्या हातात नसते. नकारसुद्धा नसतो. आमच्या हातात एक गोल शिक्का असतो आणि दिवसभर बायकांचे फोन असतात. वर्षाला इतक्या शिफारशी गेल्याच पाहिजेत असं वरून ठरून येतं. शिफारस गेली की आमचं काम झालं. पुढे त्या बाईचं काय झालं याला आमच्या तक्त्यात रकानाच नाही. एकदा मीटिंगमध्ये मी हे बोलून दाखवलं तर साहेब म्हणाले, "ताई, रकाने वरून येतात." मी चहा संपवला.

अक्का आमच्याकडे आली ती माघात. पन्नाशीची, उंच, आणि हाताची बोटं कायमची लालसर. पंधरा वर्षं ती दुसऱ्याच्या मिरची कांडपावर कामाला होती. मिरच्यांची देठं काढायची, मसाला चाळायचा, डंक्यापाशी, म्हणजे कांडायच्या यंत्रापाशी, उभं राहून गिऱ्हाइकाच्या पिशव्या भरायच्या. नवरा डाळ मिलमध्ये होता. तिथल्या धुळीनं छाती धरली, तेव्हापासून तो घरीच खाटेवर. घरापुढे पत्र्याची मोकळी शेड होती. त्या शेडमध्ये तिला स्वतःचा डंका बसवायचा होता, म्हणजे नवऱ्याकडे लक्षही राहील आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहणंही सुटेल. एवढंच तिचं मागणं होतं. "तेन्हा खोकला माले आयकू येवाले पाहिजे, ताई, बस," ती म्हणाली. मला ती तिथेच आवडली. तिचं माहेर चोपड्याकडचं, माझं धुळ्याचं, त्यामुळे ऑफिसची मराठी बाजूला ठेवून आम्ही दोघी चटकन आपल्या बोलीवर यायचो. शेजारच्या टेबलावरचे लोक हसायचे. हसोत बापडे.

फाईल करायला महिना गेला. शेडची घरपट्टी नवऱ्याच्या नावावर, नवऱ्याचं नाव आधारवर वेगळं, लाईटचं बिल सासऱ्याच्या नावावर आणि सासरे कधीच गेलेले. एकेका कागदासाठी तिनं चपला झिजवल्या. मीही सोबत गेले, कारण एकटी गेली की खिडकीवरचा माणूस तिला "उद्या या" म्हणायचा आणि माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं की "बसा" म्हणायचा. समितीपुढे मुलाखत झाली तेव्हा मीच बाहेर दाराशी कान लावून घाबरून बसले होते. एका साहेबांनी तिला विचारलं, मार्केट सर्व्हे केला का? ती म्हणाली, "बठ्ठा जयगाव मसाला खास, साहेब. आखो कसाना सर्वे?" सगळं जळगाव मसाला खातं, मग आणखी कसला सर्व्हे, या उत्तरावर आतले सगळे हसले. शिफारस झाली. त्याच दिवशी आमच्या तक्त्यात तिच्या नावापुढे बरोबरची खूण पडली आणि सरकारदरबारी माझं तिच्याशी असलेलं काम संपलं.

मग बँक. बँकेत आधी मार्चअखेर आडवी आली. मग मॅनेजरसाहेबांची बदली झाली. नवे आले त्यांनी फाईल पहिल्यापासून वाचायला घेतली. यात कुणाची चूक काढावी? त्यांच्या टेबलावर अशा फायलींची चळत मी डोळ्यांनी पाहिलेली. मी आठवड्यातून दोनदा फोन करायचे. ते सभ्यपणे म्हणायचे, होतंय मॅडम, प्रोसेसमध्ये आहे. तिकडे उन्हं तापली. आमच्याकडे वर्षाचा मसाला चैत्र-वैशाखातच होतो. घरोघरी मिरच्या गच्चीवर वाळत पडतात आणि कांडपाच्या दारात बायकांच्या रांगा लागतात. हे दीड-दोन महिने गेले की डंका वर्षभर बसूनच असतो. बँकेला हे कॅलेंडर ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

आणि आखाजी आली. अक्षय तृतीया म्हणून बाकीचा महाराष्ट्र सोनं घेतो तो दिवस. आमच्या खान्देशात आखाजीला साल बदलतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीपासून मोजतात, लेकी माहेरी येतात, पितरांच्या नावानं घागर भरतात, आणि नवं काम धरायचं ते याच दिवशी. आखाजीला धरलेल्या कामाला पुन्हा मुहूर्त बघायचा नसतो. आणि आखाजी चुकली की माणूस सरळ पुढच्या आखाजीची गोष्ट बोलतो. पंधरा-वीस दिवस इकडेतिकडे, असं त्यात काही नसतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी अक्काचा फोन आला. "सकाय लवकर या ताई. जेवाले आठेच. आन् नारय तुम्हीनच फोडाना शे." सकाळीच यायचं, जेवण तिच्याकडेच, आणि नारळही मीच फोडायचा. मी विचारलं, कसला नारळ? ती नुसतीच हसली.

मला जायला नको होतं. पण खरं सांगते, आई गेल्यापासून आखाजीला मला धुळ्याहून कुणी बोलावत नाही. वहिनी चांगली आहे, पण तिला सुचत नाही. त्या दिवशी दुसरी कुणी बाई मला हक्कानं जेवायला बोलावते आहे, याचंच मला भरून आलं. नवी साडी नेसून मी गेले.

शेडमध्ये डंका उभा होता. हिरवा, कोरा, मोटरीला अजून प्लॅस्टिक तसंच. ज्या व्यापाऱ्याचं दरपत्रक फाईलला जोडलं होतं त्यानं, शिफारस झालीच आहे तर पैसे आज ना उद्या बँकेतून येतीलच, म्हणून यंत्र देऊन टाकलं होतं. अक्काच्या भावानं त्याला थोडी रक्कम देऊन हमी घेतली होती. दरवर्षी तो आखाजीला बहिणीला न्यायला येई. यंदा ती माहेरी येणार नाही म्हटल्यावर तो डंकाच घेऊन आला. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. यंत्रावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, हळदीची बोटं, झेंडूचा हार.

मी तिथेच बोलायला हवं होतं. नियम मला पाठ होता, वस्तीतल्या प्रत्येक बैठकीत मीच तो वाचून दाखवते: मंजुरीपूर्वी सुरू केलेल्या उद्योगास लाभ अनुज्ञेय राहणार नाही. अक्कानंही तो ऐकला होता. मी तिला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, अक्का, अजून बँकेचा कागद आलेला नाही. ती म्हणाली, "धंदा कोठे चालू कया, ताई? मुहूर्त करी लिधा फक्त. कागद बँकमा शे, पन आखाजी काई बँकमाथीन येस नही." तिच्या दृष्टीनं तिनं नियम मोडलाच नव्हता. मुहूर्त वेगळा, धंदा वेगळा. आणि मीही मनात म्हटलं, परवाच तर बँकेचे साहेब म्हणाले सही बाकी आहे म्हणून. कोण बघायला येतंय? अक्कानं नारळ माझ्या हातात दिला. "तुम्हना हात चांगला शे," म्हणाली. मी तो फोडला. टाळ्या वाजल्या, अक्काच्या भाच्यानं फोटो काढले, पाच मुठी हळकुंडं डंक्यात पडली आणि पिवळी पूड खाली आली. नवरा खाटेवरून बघत होता आणि खोकता खोकता हसत होता. मग खापरावरचे मांडे आणि आमरस. मी तीन मांडे खाल्ले.

मंजुरीचं पत्र आलं ते आखाजीनंतर नवव्या दिवशी.

पत्रानंतर पाहणी असते. बँकेचा एक माणूस आणि आमच्या कक्षाचा एक, दोघांनी जागेवर जाऊन बघायचं, फोटो काढायचा, फॉर्म भरायचा, मग बँक व्यापाऱ्याला पैसे सोडते. आमच्या कक्षाची मी. बँकेचे अधिकारी अमरावतीकडचे होते, मृदू बोलणारे. शेडमध्ये शिरले आणि डंक्याकडे बघून थांबले. स्वस्तिक अजून तसंच लालभडक होतं, हार वाळला होता.

"मॅडम, हे तर आधीच घेतलेलं आहे."

मी काहीबाही बोलले. मुहूर्त, सण, अजून चालू नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला कुणाचं नुकसान करायचं नाही. व्यापाऱ्याकडून बिल आजच्या तारखेचं आणा. हे सगळं स्वच्छ पुसून घ्या, हार काढा. कोरं यंत्र दिसू दे. मी बाहेर उभा राहतो, फोटो मग काढतो." आणि ते खरंच गल्लीत जाऊन उभे राहिले. बँकेच्या माणसानं याहून काय करायचं? मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मी अक्काला म्हटलं, चला, ओलं फडकं आणा. तिनं फडकं आणलं, हार उतरवला, तो नीट परडीत ठेवला. मग यंत्रापुढे उभी राहिली आणि तिचा हात पुढे जाईना.

मला आधी कळलंच नाही. मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, ते खाटेकडे लागले होते. नवरा उशीला टेकून बसला होता. त्या आठवड्यात त्याचं दुखणं वाढलं होतं, दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आखाजीच्या मुहूर्ताला सवाष्णीनं स्वतःच्या हातानं लावलेलं कुंकू, आणि ते त्याच हातानं नवऱ्यासमोर पुसायचं.

"अक्का, लोखंडावरचं कुंकू आहे ते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. बाहेर माणूस उभा होता.

"माहीत शे माले."

"मग?"

"मन्हाघाई व्हत नही, ताई."

खाटेवरून नवरा बोलला. धाप लागत होती त्याला. "पुस ना वं. मी काई मरत नही तेवढाघाई." तो हसायचा प्रयत्न करत होता. त्यानं असं म्हटल्यावर तर ती रडायलाच लागली. फडकं तिच्या हातून मी घेतलं. म्हटलं, मी पुसते, तुम्ही तोंड फिरवा. मी काही देवभोळी नाही, घरी सणवारसुद्धा बेताचे. पण फडकं यंत्राजवळ नेलं आणि तिनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं. मीही सवाष्ण, तीही सवाष्ण. उद्या त्या माणसाचं काही बरंवाईट झालं असतं तर तिला माझा हात आठवला असता, आणि मलाही. मी फडकं खाली ठेवलं. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला कधी दोष देत नाही.

बँकेच्या अधिकाऱ्यांना मी आत बोलावलं. त्यांनी स्वस्तिकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फोटो काढला. त्या फोटोत जागा आणि वेळ आपोआप उमटते. फॉर्मवर प्रश्न होता, मंजुरीपूर्वी यंत्रसामग्री खरेदी केल्याचे आढळले काय? फोटो सोबत जोडायचा असताना "नाही" कसं लिहिणार? मी "होय" लिहिलं आणि खाली सही केली. तरीसुद्धा मी त्यांना विनंती केली की काही करता येतं का बघा. ते म्हणाले, वर पाठवतो.

वर म्हणजे कुठे, ते मला आजही नीट माहीत नाही. तीन आठवडे काही उत्तर नाही. तेवढे दिवस मी अक्काला डंका चालवू दिला नाही. आधीच आधी घेतल्याचा ठपका, त्यात चालू सापडला तर उरलीसुरली आशाही जाईल, असं मला वाटलं. गल्लीतल्या बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन येत आणि ती त्यांना चौकातल्या कांडपावर पाठवून देई, जिथे तिनं पंधरा वर्षं काढली होती. दारात यंत्र, अंगात कसब, पुढ्यात गिऱ्हाईक, आणि बाई हात बांधून बसलेली. हे माझ्या सांगण्यावरून. ज्येष्ठ लागला, आभाळ भरून यायला लागलं, मसाल्याचा हंगाम गेला.

मग एके दिवशी आमच्या कक्षाच्या साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या संगणकावर पाहणीचा तो फोटो होता. डंका, स्वस्तिक, आणि मागच्या पत्र्यावर लावलेली एक चौकट. मी ती त्या दिवशी पाहिलीच नव्हती. भाच्यानं मुहूर्ताचा फोटो मोठा करून, प्लॅस्टिकमध्ये घालून तिथे टांगला होता. नव्या साडीत मी, हातात नारळ, तोंडभर हसू.

"हे काय आहे, ताई?" साहेबांनी विचारलं. ते रागावले नव्हते. घाबरले होते, कारण बँकेनं पत्र वर पाठवलं होतं आणि वरून त्यांना विचारणा आली होती. आपल्याच कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत मंजुरीपूर्वी उद्घाटन. म्हणाले, "दोन दिवसांत लेखी खुलासा द्या. माझ्या हातात काही नाही. तुमची ऑर्डर पण पुढच्या महिन्यात संपते आहे, बघा."

खुलासा मी त्याच संध्याकाळी लिहिला. चार वेळा लिहिला. पहिल्यात खरं लिहिलं होतं. चौथ्यात असं लिहिलं की मी सदर ठिकाणी सणानिमित्त खाजगी निमंत्रणावरून गेले होते, सदर यंत्र भाड्याने आणल्याचे मला सांगण्यात आले, आणि खरेदीची बाब लाभार्थी महिलेने माझ्यापासून लपवून ठेवली. सदर, सदर. असं लिहिताना ती भाषा किती मदतीला येते. त्यात अक्का कुठे दिसतच नाही, लाभार्थी महिला दिसते. माझ्या पोरीची फी होती, घराचा हप्ता होता, सगळं होतं. ते सगळं खरं आहे आणि तरी मला त्या कागदाची लाज वाटते. पुढच्या महिन्यात माझी नवी ऑर्डर निघाली. बँकेचे पैसे आता येणार नाहीत हे कळल्यावर व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि डंका घेऊन गेला. भावानं दिलेली रक्कम त्यानं वापरलेल्या यंत्राची तूट म्हणून ठेवून घेतली. पाच मुठी हळद दळली होती त्यावर.

नकाराचं पत्र द्यायला मी स्वतः गेले. टपालानं पाठवता आलं असतं, पण तेवढीही हिंमत नसेल तर मग काय उरलं? अक्का चौकातल्या कांडपावर परत कामाला लागली होती. दुपारच्या जेवणाच्या सुटीत घरी आली होती, हात धुऊन नवऱ्याला वाढत होती. मी पायरीवर बसले आणि पत्र वाचून दाखवलं. आपला अर्ज अपात्र ठरविण्यात येत आहे, तिथपर्यंत वाचलं. कारण वाचलं. मधली एक ओळ मी गाळली, लाभार्थीने कक्षाच्या कर्मचाऱ्यास खोटी माहिती देऊन खरेदी लपविली, ही. सहज गाळली, आवाज न अडखळू देता, आणि खाली सही घ्यायला पेन पुढे केला.

तिनं विचारलं, पुढच्या आखाजीला पुन्हा अर्ज करता येईल का? मला उत्तर माहीत होतं. एकदा अपात्र ठरलेल्या नावाला पुन्हा घेत नाहीत. मी म्हटलं, बघू.

तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती, हे फॉर्म भरताना मीच लिहिलं होतं. लाल बोट एकेका शब्दाखाली ठेवत, ओठ हलवत तिनं पत्र वाचायला घेतलं. मी गल्लीकडे बघत बसले. आत नवरा जेवत होता, त्याच्या ताटलीचा आवाज येत होता. बोट त्या ओळीपाशी आलं आणि थांबलं. तिनं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"हाई वाचानं ऱ्हायनं, ताई," ती म्हणाली.

तिनं पत्राची नीट घडी घातली, पेन घेतला, सही केली, आणि कागद माझ्या हातात देताना खालच्या आवाजात विचारलं, "तुम्हनी नोकरी तं ऱ्हायनी ना?"

मी म्हटलं, हो.